केसवर्करांची सुपरव्हायझर झाल्यावर नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विस्थापितांच्या छावणीत काही वर्षं केसवर्कर म्हणून, म्हणजे अडचणीतल्या एकेका व्यक्तीला भेटून तिच्या मदतीचा पाठपुरावा करणारी म्हणून, काम केल्यावर आता तुम्हाला सुपरव्हायझर केलंय. हाताखाली सहा केसवर्कर आहेत. हिंसा सोसलेल्या बायका, घरच्यांपासून ताटातूट झालेली किंवा घरातच धोक्यात असलेली मुलं, अशा केसेस त्या हाताळतात. फायली अर्धवट आहेत. एकजण मीटिंगमध्ये रडते. दुसरीने आपला खासगी नंबर सगळ्यांना दिलाय आणि ती रात्रभर फोन घेत असते. वरून दर महिन्याला आकड्यांचा तगादा. अशा वेळी सुपरव्हिजन म्हणजे नेमकं काय करायचं, आणि सुरुवात कुठून?

सुरुवात वेळेपासून करा. प्रत्येक केसवर्करला आठवड्यातला एक तास द्या, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दार बंद करून. छावणीत दार असलेली खोली मिळणं अवघड असतं हे मला माहीत आहे. तरी ती मिळवा. गोदामाचा कोपरा असला तरी चालेल, फक्त बोललेलं बाहेर ऐकू जाता कामा नये. हा तास सहसा रद्द करू नका. पाहुणे आले, अहवाल द्यायचाय, म्हणून दोनदा रद्द झाला की केसवर्कर काय ते समजते. मग ती व्हरांड्यात उभ्या उभ्या "सगळं ठीक आहे" एवढं सांगून निघून जाते, आणि जी केस खरंच हाताबाहेर चाललेली असते ती तुमच्या कानावर येतच नाही.

या तासात तीन गोष्टी व्हायच्या असतात: कामाचा हिशेब, शिकणं आणि आधार. नवी सुपरव्हायझर हमखास हिशेबात अडकते, कारण तो मोजता येतो. किती नव्या केसेस, किती बंद, कुठली फाइल अपुरी. यातच बहुतेक वेळ गेला की बाकीच्या दोन गोष्टी उरकल्या जातात. म्हणून मी हिशेब शेवटी ठेवते. आधी विचारते, "या आठवड्यात कुठली केस डोक्यातून जात नाहीये?" उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प बसा. जी केस ती सांगेल, तीच आज बोलायची.

एक नमुना सांगते. असा प्रसंग निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो, त्यामुळे यात कुणा एका बाईची गोष्ट नाही. केसवर्कर येते आणि म्हणते, "ताई, तिला आजच्या आज निवारागृहात हलवायला हवं. मी कालपासून समजावतेय, ती ऐकतच नाही."

"ती नाही म्हणते तेव्हा कारण काय सांगते?"

"धाकट्याची शाळा. आणि म्हणते, मी गेले तर तो शोधत येईल, मग सोडणार नाही."

"तिचं हे म्हणणं तुला कसं वाटतं?"

इथे केसवर्कर बहुतेक वेळा थांबते, कारण त्या बाईच्या म्हणण्यात तथ्य असतं. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडण्याचा आणि त्यानंतरचा काळ अनेकदा सगळ्यांत धोक्याचा ठरतो, आणि त्याचा राग कुठल्या थराला जातो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मग आम्ही दोघी मिळून धोका तोलतो. त्याने कधी गळा दाबलाय का? जिवे मारायची धमकी दिलीय का? घरात हत्यार आहे का? अलीकडे मार वाढलाय का? ती गरोदर आहे का? तिच्यावर पाळत असते का? यात गळा दाबल्याचं ऐकलं तर पुढचे प्रश्न बाजूला ठेवा. पुढे जीव जाऊ शकतो याची ती फार गंभीर खूण आहे. शिवाय बाहेर वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते, म्हणून डॉक्टरांकडे जाण्याबद्दल तिच्याशी त्याच दिवशी बोलणं व्हायला हवं. एवढं झालं की विचार करायचा: ती तिथेच राहणार असेल तर तिला जास्तीत जास्त सुरक्षित कसं ठेवता येईल? कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, भांडण पेटलं की मुलांनी कुठल्या तंबूत पळायचं, कुठला शब्द कानावर आला की शेजारणीने मदत बोलवायची. ही योजना बाईच्या तोंडून यायला हवी. केसवर्करने घरून तयार करून नेलेली योजना त्या घरात टिकत नाही.

आणि मग आतली गोष्ट बाहेर येते. "पण ताई, तिला काही झालं तर?" हलवायची सगळी घाई तिथून आलेली असते. केसवर्करला स्वतःची भीती सोसवत नाही म्हणून ती बाईवर दबाव आणू लागते, आणि घरी हुकूम ऐकून थकलेल्या बाईला हुकूम सोडणारं आणखी एक माणूस भेटतं. तुमची खरी गरज इथे आहे. ते ओझं अर्धं आपल्या डोक्यावर घ्या, आणि नुसतं तोंडी घेऊ नका. फायलीत लिहून ठेवा: बाईने काय ठरवलं, का ठरवलं, धोका कसा तोलला, योजना काय, पुढची भेट कधी, आणि खाली केसवर्करबरोबर तुमचीही सही. जोखमीचा कुठलाही निर्णय केसवर्करला एकटीने पेलावा लागू नये, हे मी या कामात सगळ्यांत वर ठेवते. तुम्ही तिला न दटावता, न घाई करता ऐकलंत, तर पुढच्या भेटीत तीही त्या बाईला तसंच ऐकते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

याला जोडून एक इशारा. वस्तीतली वडीलधारी मंडळी केसवर्करला गळ घालतात, "तुम्ही शिकलेल्या आहात, दोघांना समोर बसवा, समजूत घाला, समेट करून टाका." केसवर्करलाही वाटतं, घर वाचेल. जोडीदाराच्या हिंसेत अशी मध्यस्थी केसवर्करने करू नये. समोरासमोर बसवलं की बाई त्याच्यादेखत खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. हा नकार केसवर्करच्या तोंडून यायला लावू नका. तो तुमच्याकडून, संस्थेचा नियम म्हणून जाऊ द्या. तिला त्याच वस्तीत राहायचं असतं.

मुलांच्या केसमध्ये तराजू बदलतो, आणि बायकांच्या केसेसवरून मुलांच्या केसेसवर आलेल्या केसवर्कर इथे हमखास गोंधळतात. सज्ञान बाईचा निर्णय तिचा. मुलाच्या बाबतीत त्याचं हित प्रथम पाहायचं, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं तिसरं कलम सांगतं, आणि बारावं कलम सांगतं की त्याचं मत ऐकून वयाच्या आणि समजेच्या मानाने त्याला वजन द्यायचं. दोन्ही एकदम सांभाळायचं. समजा, आईबाप बेपत्ता आहेत, सहा वर्षांची मुलगी एका काकाकडे राहतेय आणि "मला इथं नको" एवढंच म्हणते. केसवर्करने तिला "का?" असं दहादा विचारून भागत नाही. तिच्याबरोबर बसून, तिचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो ते चित्रातून, खेळातून समजून घ्यायचं. ती कुठे झोपते, कोण जेवू घालतं, शाळेत का जात नाही हे पाहायचं. मूल घरातून काढून दुसरीकडे ठेवायचा निर्णय एकट्या केसवर्करने कधीच घ्यायचा नसतो. तिथे तुम्ही हजर असलंच पाहिजे, आणि बालसंरक्षणाची अधिकृत यंत्रणा जिथे काम करत असेल तिथे तीही. कायद्याने कळवणं बंधनकारक असेल, तर ही मर्यादा मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्यांना बोलणं सुरू होण्याआधी सांगायची, सगळं ऐकून घेतल्यावर नव्हे. तुमच्या सहाही जणी हे कुठल्या शब्दांत सांगतात, ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐका.

आता फायली. सगळ्या एकदम तपासायला बसलात तर त्या नुसत्या भरल्या जातील. दर आठवड्याला प्रत्येकीची एकच फाइल काढा, कुठली ते आधी न सांगता, आणि ती तिच्याबरोबर वाचा. "समुपदेशन केलं. बाई समाधानी." अशी ओळ तुम्हाला जागोजागी भेटेल. त्यातून काहीच कळत नाही. बाई काय म्हणाली? तिला काय हवंय? कोणी, कधीपर्यंत, काय करायचं ठरलं? पुढची भेट कुठे, आणि ती जागा कुणी सुचवली? चांगल्या फायलीची माझी कसोटी अशी: केसवर्कर उद्या आजारी पडली तर दुसरी केसवर्कर ही फाइल वाचून, बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला न लावता काम पुढे नेऊ शकेल का? तिला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणं हाही छळच आहे.

फायलीत "रेफर केलं", म्हणजे दवाखान्यासारख्या दुसऱ्या सेवेकडे पाठवलं, असं दिसलं की बोट ठेवा. चिठ्ठी दिली म्हणजे बाई दवाखान्यात पोचली असं होत नाही. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळ्या १२० तासांपर्यंत देता येतात, पण जितक्या लवकर तितक्या उपयोगी. हे आकडे केसवर्करना पाठ असतात. नसतं ते असं: रविवारी रात्री तिथे कोण असतं, औषधांचा साठा आहे का, तिथली नर्स पोलिसांचा कागद मागते का, कुणी सोबत जाणार आहे का. रेफरलची यादी भिंतीवर लावून मोकळं होऊ नका. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी तुम्ही स्वतः जा आणि दर महिन्याला फोन करून खातरजमा करा. केसवर्करच्या शब्दावर विश्वास टाकून बाई तिथवर गेली आणि दार बंद मिळालं, तर ती परत येत नाही.

आकड्यांच्या तगाद्याबद्दल. मानवतावादी कामातल्या बालसंरक्षणाच्या किमान मानकांची २०१९ ची सुधारित आवृत्ती आहे. तिच्यानुसार एका केसवर्करकडे एका वेळी २५ पेक्षा जास्त मुलांच्या केसेस असू नयेत. एका सुपरव्हायझरकडे पाच-सहा केसवर्कर हेही प्रमाण सर्वसाधारण मानलं जातं, म्हणजे तुमची मर्यादा गाठलेली आहे. व्यवस्थापनाशी बोलताना हे आकडे पुढे करा. पण तुम्ही स्वतः केसेस नुसत्या मोजू नका, त्यांचा भार पाहा. रोज जिवाची काळजी लागलेल्या चार केसेस शांत चाललेल्या पंधरा केसेसपेक्षा जड असतात. नवी केस कुणाला द्यायची ते तक्त्यावरून ठरवू नका, त्या व्यक्तीशी बोलून ठरवा. वर फक्त आकडे जाऊ द्या, नावं नाहीत. निधी देणाऱ्यांनी "एखादी यशकथा, फोटोसकट" मागितली तर नाही म्हणायची जबाबदारी तुमची, केसवर्करची नव्हे.

गोपनीयतेवर प्रशिक्षणं खूप होतात, पण ती मोडते साध्यासाध्या गोष्टींत. संस्थेचं चिन्ह असलेली गाडी एखादीच्या तंबूसमोर उभी राहिली की सगळ्या रांगेला कळतं. केसवर्करांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज ती लाल साडीवाली परत आली होती" असा मेसेज पडतो. फायलींवर नाव न लिहिता कोड लिहा, आणि नाव-कोडची यादी दुसऱ्या कुलपात ठेवा. एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: छावणी अचानक सोडावी लागली तर फायली कोण नेणार, नेणं शक्य नसेल तर कोण नष्ट करणार, आणि कुणाच्या हुकमाने? हे आधीच लिहून ठेवा आणि सगळ्यांना सांगा. चुकीच्या हातात पडलेली एक फाइल एका बाईचा जीव घेऊ शकते.

रडणाऱ्या केसवर्करकडे वळते. रडण्याची मला तितकी काळजी वाटत नाही. रोज माणसांच्या यातना ऐकणाऱ्याला कधीतरी भरून येणारच. मी जास्त लक्ष ठेवते ते गप्प झालेल्या केसवर्करकडे. जी घरभेटी पुढे ढकलू लागलीय, जिच्या नोंदी आखूड होत चालल्यात, जी आजकाल म्हणते, "या बायका काय, काहीही सांगतात." आधी मनापासून काम करणारीच्या तोंडी असं वाक्य आलं की समजावं, तिची ऐकून घ्यायची ताकद संपत आलीय. दुसऱ्यांचे आघात सतत ऐकून ऐकणाऱ्याचीही जगाकडे पाहायची नजर बदलते. लोकांवरचा विश्वास उडतो, झोप जाते, स्वतःच्या मुलांना बाहेर पाठवायची भीती वाटते. त्यात तुमच्या केसवर्कर बहुधा त्याच विस्थापितांतल्या असतील. त्यांचीही घरं गेलीत, त्यांचीही माणसं गेलीत. समोरची बाई जे सांगतेय ते त्यांनी स्वतः भोगलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ती केस दुसरीला देण्यात कुठलाही कमीपणा नाही. ते तिला आधीच, आपणहून सांगून ठेवा.

तिच्या समुपदेशक मात्र होऊ नका. जिच्या हातात आपल्या पगारवाढीची शिफारस आहे, तिच्यापाशी मन पूर्ण मोकळं होत नाही, आणि होऊही नये. बाहेरच्या समुपदेशकाची सोय मागा, आणि तिथे कोण जातं हे तुम्हाला कळू नये अशी व्यवस्था करा. आणीबाणीतल्या मानसिक आरोग्यावरची २००७ ची आंतरसंस्था मार्गदर्शिका (संयुक्त राष्ट्रं आणि इतर मदतसंस्थांच्या संयुक्त समितीने काढलेली) कर्मचाऱ्यांची काळजी घेणं संस्थेच्याच जबाबदारीत धरते, तेव्हा ही मागणी करताना संकोच बाळगू नका. एखादी भयंकर घटना घडली, तर सगळ्यांना एकत्र बसवून घडलेलं सविस्तर सांगायला लावायची पद्धत काही ठिकाणी अजून चालते. ती टाळा, तिने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. ज्याला बोलायचंय त्याला ऐका, ज्याला नाही त्याला घरी जाऊ द्या. तुमच्या हातात दुसरंही बरंच काही असतं: एका दिवसात दोन जड मुलाखती लावायच्या नाहीत, घरभेटीनंतर लगेच मीटिंग ठेवायची नाही, रजा मागितली की कारण खोदून विचारायचं नाही. काम कमी न करता "स्वतःची काळजी घ्या" म्हणून सांगितलं, तर तेही तिच्या कामांच्या यादीत जाऊन बसतं.

रात्री फोन घेणारीला रागावू नका. रात्री दुसरं कुणीच फोन उचलत नाही म्हणून ती उचलते. पोकळी संस्थेने ठेवली, ती तिने आपल्या झोपेने भरली. संस्थेचा एक फोन ठेवा, सहाजणींत त्याची पाळी लावा, पाळीनंतर सुट्टी द्या, आणि प्रत्येक बाईच्या सुरक्षा योजनेत रात्री पहिल्यांदा कुणाला हाक मारायची ते लिहा. ही सोय उभी राहिल्यावरच तिला खासगी नंबर बंद करायला सांगा, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना नवा नंबर तिनेच स्वतः द्यावा. त्या बायकांनी तो मोठ्या मुश्किलीने मिळवलेला असतो. ती पदरचे पैसेही देतेय का, हेही प्रेमाने विचारा. बहुतेक वेळा देत असते.

आता ज्या बाबतीत मी जराही मऊ नाही ते सांगते. २००२ मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या छावण्यांत मदत वाटणाऱ्यांकडूनच मुलामुलींचं लैंगिक शोषण होत असल्याचं उघडकीला आलं. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नियम काढला: १८ वर्षांखालील कुणाशीही लैंगिक संबंध नाही, मग स्थानिक कायदा काहीही म्हणो, वय ठाऊक नव्हतं ही सबब चालणार नाही, पैसा, काम, वस्तू किंवा मदतीच्या बदल्यात लैंगिक संबंध नाही, आणि नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक. तुमच्या टीममधल्या किंवा दुसऱ्या संस्थेतल्या कुणाबद्दल असं काही कानावर आलं, तर स्वतः चौकशी करू नका, त्या माणसाला विचारायला जाऊ नका. ठरलेल्या मार्गाने त्याच दिवशी कळवा. "आपला माणूस आहे, खात्री करून घेऊ" हा विचार मनात येईल. तो आला तरी कळवा. ज्या बायकांसाठी आपण आहोत त्यांना तक्रार करायला आपल्याशिवाय दुसरीकडे जाता येतं का, आणि तो रस्ता त्यांना माहीत आहे का, हेही पाहून घ्या.

प्रत्यक्ष भेट पाहायला कधी जावं, असंही तुम्ही विचारलंय. केसवर्कर आणि बाई दोघींनी मनापासून होकार दिला तरच. हिंसेच्या नाजूक केसमध्ये तर मी सहसा जातच नाही. त्याऐवजी केसवर्करला बाई करते, मी केसवर्कर होते, मग उलट. गेलातच तर कोण जास्त बोलतंय ते पाहा, केसवर्कर कुठे बसलीय ते पाहा, मधेच सासू किंवा मूल आत आलं तर तिने विषय कसा बदलला ते पाहा. त्याच दिवशी तिला एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट सांगा. दहा सांगितल्या तर एकही राहणार नाही.

केस बंद करण्याकडेही लक्ष असू द्या. काही केसवर्कर वर्षभर केस उघडी ठेवतात, कारण निरोप घेणं जड जातं. काही घाईने बंद करतात, कारण महिनाअखेर आलेली असते. बंद करण्याआधी बाईशी किंवा मुलाशी बोलणं झालंय का आणि परत यायचं असेल तर कुठे यायचं हे त्यांना ठाऊक आहे का, एवढं विचारून मगच सही करा. प्रकल्प संपणार असेल तर ही बोलणी काही महिने आधी सुरू व्हायला हवीत.

शेवटी तुमच्याबद्दल. कालपर्यंत या सहाजणी तुमच्या मैत्रिणी होत्या. आज तुम्ही त्यांच्या फायली तपासणार आहात, आणि हे अवघडलेपण आपोआप जाणार नाही. पहिल्याच भेटीत प्रत्येकीशी स्पष्ट बोला: या तासात बोललेलं कुठे राहील, कुठली गोष्ट मला वर सांगावीच लागेल, आणि तुला माझं काही पटलं नाही तर कुणाकडे जायचं. स्वतःकडच्या जुन्या केसेस हळूहळू, बायकांना सांगून, दुसऱ्यांकडे सोपवा. दोन्ही कामं एकदम नीट होत नाहीत. आणि तुमच्या वरिष्ठांकडून स्वतःसाठीही असाच एक ठरलेला तास लेखी मागून घ्या. त्यांनी वेळ नाही म्हटलं, तर बाजूच्या संस्थेतल्या दुसऱ्या सुपरव्हायझरशी पंधरवड्यातून एकदा, कुणाचंही नाव न घेता, केसेसबद्दल बोलायची परवानगी घ्या आणि तीही लेखी.